तक्रार कोणाच्या मेजावर?

महूची छावणी मागे टाकून आग्रा-मुंबई रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर मानपूर लागते. तेथे माळव्याचे पठार संपते आणि रस्ता घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे वळतो. इंदूरच्या मराठी मंडळींचा निरोप घेऊन परतताना आमची मोटार तेथे चहासाठी थांबली. आमची बेळगावी मराठी कानी पडताच बाकावरचा एक वृद्ध उठून जवळ आला. 'पावणं, बेळगावकडचं काय हो?' त्याने विचारले, आणि मग अर्धा तास कसा गेला हे आम्हांस कळले नाही. गृहस्थ मूळचे खानापूर तालुक्यातले. हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची अखेरची वर्षे महूस काढली आणि तिकडेच राहिले. त्यांचे नाव व पलटण आम्ही छापीत नाही, कारण तशी त्यांनी आम्हांस शपथ घातली. नोकरी सुटून एक पिढी उलटली, पेन्शन बँकेत जमा होते, तरीही नाव नको!

या हवालदारांनी दोन साहेबांची चाकरी सहायक म्हणून केली. पहिला साहेब असा की, बर्फातल्या चौकीवर जवानांच्या पंगतीत भाकर वाढली गेल्यावाचून स्वतः ताटाला हात लावीत नसे. त्याचे नाव घेताना म्हाताऱ्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. दुसऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मात्र या शिपायाने बाजारची पिशवी वाहिली, मुलांची दप्तरे वाहिली, कुत्री फिरविली, बाईसाहेबांचे बोल ऐकले आणि एकदा सर्वांदेखत साहेबाची थप्पडही खाल्ली. आम्ही विचारले, 'तक्रार का नाही केलीत?' म्हातारा हसला. 'अर्ज कोणाला द्यायचा? साहेबालाच की!'

सीमाभागाचे आमचे नित्याचे गाऱ्हाणे एक दिवस बाजूस ठेवून आज आम्ही लिहीत आहोत ते या एका वाक्यावर. आमच्या वाचकांस ते परके वाटू नये. ज्या शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, ज्याच्या आसमंतातील खेड्याखेड्यांत उंबऱ्यागणिक एखादा तरी पलटणीतला माणूस सापडतो, तेथील लोकांस शिपायाची अब्रू ही घरचीच गोष्ट आहे. साताऱ्याचे अपशिंगे काय, कोल्हापूरचे सैनिक टाकळी काय, किंवा आमच्या चंदगड-खानापूरच्या वाड्या काय, या गावांनी देशाला पोरे दिली ती शत्रूशी लढण्यासाठी दिली. साहेबाच्या कुत्र्याची साखळी धरण्यासाठी दिली नाहीत.

आरंभीच सांगून टाकतो की आम्ही लष्कराचे निंदक नव्हेत. हुकूम मानला गेला नाही तर सेना ही सेना राहत नाही, झुंड होते, हे आम्हांस ठाऊक आहे. हुकूम देणाऱ्यांत जवानांआधी स्वतः गोळी झेलणारे शेकडो अधिकारी आहेत, हेही आम्ही जाणतो. १९३२ साली डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीचे उद्घाटन करताना सर फिलिप चेटवुड यांनी अधिकाऱ्याच्या कर्तव्याचा जो क्रम लावून दिला, तो तेथील भिंतीवर कोरलेला आहे आणि प्रत्येक नव्या अधिकाऱ्याकडून घोकून घेतला जातो. देश आधी, हाताखालचे जवान त्यानंतर, आणि स्वतःचे सुख सर्वांच्या शेवटी! मानपूरच्या म्हाताऱ्याचा पहिला साहेब तो क्रम पाळीत होता, दुसऱ्याने उलटा केला. प्रश्न हा की, जेव्हा तो उलटा होतो तेव्हा शिपायाने कोणाचे दार ठोठवावे?

या प्रश्नाने एकदा मुंबई पेटविली आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर कमांडर किंग नावाचा गोरा अधिकारी होता. त्या तळावर बिनतारी संदेशाचे शिक्षण घेणारी शिकलेली हिंदी पोरे होती. अन्न निकृष्ट होते आणि वागणूक त्याहूनही निकृष्ट होती. एके दिवशी किंगने त्या पोरांस आईबापांचा उद्धार करणाऱ्या शिव्या हासडल्या. पोरांनी काय केले? दंगा नव्हे, हरताळ नव्हे. नियमाने सांगितलेल्या मार्गाने चौदा जणांनी आपापली लेखी तक्रार दिली. आणि ती तक्रार पायरी पायरी चढत जाऊन पोहोचली कोठे? ज्याच्याविरुद्ध होती त्या किंगच्याच मेजावर! तेथे ती काही दिवस पडून राहिली. पुढे त्याने तक्रारदारांस समोर उभे करून बजावले की, खोटी तक्रार करणे हाही गुन्हा आहे, तेव्हा पुन्हा विचार करा. १८ फेब्रुवारीस 'तलवार'च्या नाविकांनी अन्नास शिवण्याचे नाकारले. मग किंगला तेथून हलविण्यात आले, पण तोवर वेळ टळली होती. दोनतीन दिवसांत सत्तरांवर जहाजे आणि हजारो नाविक उठले, मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि गोळीबारात शहरातली दोनशेंहून अधिक माणसे मेली.

स्वातंत्र्याच्या इतिहासात त्या उठावाचे स्थान काय, हा मोठा विषय आहे. येथे आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, ठिणगी पडण्यापूर्वी एक अर्ज पडून होता. त्या अर्जाला दुसरा दरवाजा असता तर कदाचित तो आठवडा वेगळा गेला असता. सर सय्यद फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. किंगची भाषा आणि तक्रारींची हेळसांड यांची चर्चा झाली. नाविकांपैकी शेकडो जणांच्या हाती नारळ मिळाला, आणि स्वतंत्र हिंदुस्थानच्या नौदलानेही त्यांस परत घेतले नाही.

गोरा गेला, काळा साहेब आला, असे म्हणण्याची आमच्याकडे पद्धत आहे. ते म्हणणे अर्धवट आहे असे आम्हांस वाटते. स्वतंत्र भारताने १९५० साली लष्करी कायदा केला तेव्हा कलम ४७ असे घातले की, जो अधिकारी हाताखालच्या माणसावर हात टाकील वा अन्य रीतीने त्याची छळवणूक करील, त्यास सात वर्षांपर्यंत कैद. सात वर्षे ही काही लहान गोष्ट नव्हे. (उलट, कर्तव्यावरील वरिष्ठावर हात उचलणाऱ्या शिपायास कलम ४० खाली चौदा वर्षे. त्या दुपटीबद्दल आम्ही तूर्त काही बोलत नाही.) कलम २६ शिपायास तक्रारीचा हक्क देते. तक्रार आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याकडे करावी, आणि ती त्याच्याच विरुद्ध असेल तर त्याच्या लगतच्या वरिष्ठाकडे करावी, असे ते कलम सांगते. म्हणजे १९४६ चा धडा कायदेकर्त्यांनी वाचलाच नव्हता असे नाही. एक पायरी त्यांनी वाढविली.

पण एकच पायरी! आणि तीही त्याच जिन्यातली. लगतचा वरिष्ठ म्हणजे कोण? ज्याने आपल्या हाताखालच्या साहेबाचा गोपनीय अहवाल कालच उत्तम म्हणून लिहिला तो. ज्याच्याबरोबर संध्याकाळी मेसमध्ये बसावयाचे तो. माणूस वाईट असेल असे आम्ही म्हणत नाही. तो चांगला असेल, न्यायी असेल. पण त्याने चौकशी करावयाची तर कागद खाली पाठवावा लागतो, आणि खाली तो पुन्हा त्याच पलटणीत जातो, जेथे तक्रारदार शिपायाची रजा, त्याची ड्यूटी, त्याची बढती ठरत असते. त्याच कमांडिंग अधिकाऱ्यास समरी कोर्ट मार्शल भरविण्याचा अधिकार आहे, आणि त्या न्यायालयात तो एकटाच न्यायाधीश असतो. लेफ्टनंट कर्नल वा त्याहून वरचा असेल तर तो शिपायास एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. स्वतःविरुद्ध झालेल्या गुन्ह्याचा निवाडा त्याने सहसा वरिष्ठांस विचारल्यावाचून करू नये, असे बंधन कायद्यात आहे खरे. परंतु पलटणीत शिपायास अडकवावयास दुसरे निमित्त सापडत नाही, असे कोणी जुना जवान शपथेवर सांगेल काय? शिवाय कलम ५६ आहेच. खोटा आरोप केल्यास पाच वर्षे. किंगने जी तंबी तोंडी दिली होती, ती आता छापील आहे.

२०१७ साली हे सारे पुन्हा उघड्यावर आले. त्या जानेवारीत डेहराडूनच्या एका ब्रिगेडमधील लान्स नायकाने चलचित्र प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे की, सहायकांकडून कपडे धुऊन घेणे, बूट पुसून घेणे, कुत्री फिरविणे हे जवानास शोभत नाही, असे त्याने आदल्या वर्षी पंतप्रधान, राष्ट्रपती आणि संरक्षणमंत्री यांस लिहिले होते. दिल्लीने विचारणा केली ती त्याच्याच ब्रिगेडकडे, आणि मग त्याची उलटतपासणी सुरू झाली. लष्कराने त्याच्या आरोपांचा इन्कार केला. कोणाचे किती खरे हे ठरविण्याचे साधन आमच्यापाशी नाही. पण थेट राष्ट्रपतींस लिहिलेले पत्रही फिरून पलटणीच्या कचेरीतच येत असेल, तर चहाच्या बाकावरील म्हाताऱ्याने वेगळे काय सांगितले? तेव्हाचे सरसेनापती जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवण्याचे जाहीर केले, आणि सैन्यदिनाच्या भाषणात, समाजमाध्यमांकडे जाणाऱ्यांस शिक्षा होऊ शकेल असेही बजावले.

त्यानंतर दीड महिन्याने नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात जे घडले, ते महाराष्ट्राने विसरता कामा नये. मानपूरवरून जाणारा तोच रस्ता सेंधवा, धुळे करीत नाशिकला पोहोचतो. तेथे तोफखान्यातील एका जवानाचे बोलणे गुप्त कॅमेऱ्याने टिपले गेले. चेहरा झाकून ते वृत्तसंकेतस्थळावर झळकले. सहायकास काय काय करावे लागते ते त्यात होते. काही दिवसांनी, २ मार्च २०१७ रोजी, तो जवान छावणीतील एका वापरात नसलेल्या बराकीत मृत आढळला. लष्कराच्या निवेदनात असा तर्क होता की, वरिष्ठांस आपण खाली पाहावयास लावले या अपराधी भावनेने त्याने जीव दिला असावा. पत्रकार बाईवर शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. दोन वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कोणा अधिकाऱ्यास आम्ही येथे दोषी ठरवीत नाही. पत्रकाराने त्या पोराला पुरेसे सावध केले होते काय, हाही प्रश्न आमच्या धंद्यातील लोकांनी स्वतःस विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर आम्हांस सुखाचे वाटत नाही. पण निवेदनातला तो तर्क पुन्हा एकवार वाचावा. घरकामास जुंपला गेलेला शिपाई चार शब्द बोलतो, आणि अपराधी भावना त्याची! भीतीचा उल्लेख निवेदनकर्त्यांस सुचू नये?

सहायकाच्या प्रथेची तरफदारी करणारे सांगतात की, तो अधिकाऱ्याचा लढाईतला जोडीदार आहे. शस्त्र, संदेशयंत्र, निरोप ही त्याची खरी कामे आहेत आणि घरगुती कामास त्यास लावू नये असे हुकूम आहेत. २०१७ सालीच धुळ्याचे खासदार आणि तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी संसदेत याच अर्थाचे उत्तर दिले. हुकूम आहेत, हे मान्य. पण मग नौदलाचे आणि हवाईदलाचे अधिकारी सहायकावाचून कसे लढतात? आणि शांततेच्या छावणीत, बंगल्याच्या मागच्या दारी, कोणती लढाई चालू असते? लोणीचे बाळासाहेब विखे पाटील अध्यक्ष असताना संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ साली या प्रथेस लाजिरवाणी म्हटले होते. जवान भरती होतो तो देशसेवेसाठी, अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या घरकामासाठी नव्हे, असे बजावून ती मोडण्याची शिफारस केली होती. समितीच्या त्या अहवालाचा विषय कोणता होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तो जवानांवरील मानसिक ताणाविषयीचा अहवाल होता. त्यानंतर नऊ वर्षांनी देवळाली घडले.

शिवछत्रपतींचे १६७३ चे चिपळूणच्या छावणीस लिहिलेले पत्र आमच्याकडे व्यासपीठावरून पुष्कळदा वाचले जाते. रयतेस तोशीस देऊ नका, एवढेच त्यातले लोकांच्या ध्यानी राहते. ते पत्र कोणास लिहिले आहे, हे मात्र कोणी पाहत नाही. मायना आहे जुमलेदारांस, हवालदारांस, कारकुनांस! शिपाई चुकला तरी जाब वरच्याने द्यावयाचा, ही ती रीत.

मग उपाय काय? १९४३ सालची सिसिलीतील एक हकीकत येथे उपयोगी पडेल. अमेरिकेचा नामांकित सेनापती पॅटन याने आठवड्याभरात दोन इस्पितळांत, शरीरावर जखम दिसत नाही म्हणून, दोन शिपायांस थोबाडीत मारली. इस्पितळाच्या डॉक्टरांनी अहवाल लिहिला. लष्करी पायऱ्यांनी तो पॅटनच्या हाताखालील सेनापती ब्रॅडली याच्यापर्यंत गेला. त्याने तो तिजोरीत कुलूपबंद केला! माणूस वाईट नव्हता, साहेबाशी इमानी होता. पण वैद्यकीय खात्याचा स्वतंत्र मार्ग होता. त्या मार्गाने दुसरी प्रत आयझेनहॉवरपर्यंत पोहोचली. त्याने पॅटनला माफी मागावयास लावली, आणि पुढे कित्येक महिने त्या विजयी सेनापतीस लढाईत सेना मिळाली नाही. दोन प्रती, दोन वाटा. एक तिजोरीत गेली, एक पोहोचली. आमच्या शिपायास दुसरी वाट नाही.

पश्चिम जर्मनीने हिटलरच्या सैन्याचा अनुभव घेतल्यावर, नवे सैन्य उभारतानाच, १९५६ मध्ये घटनेत दुरुस्ती केली आणि सैन्यासाठी संसदेचा एक आयुक्त नेमण्याची तरतूद केली. कोणताही शिपाई आपल्या साहेबास न विचारता, न कळविता, थेट त्यास लिहू शकतो. ते पद आजही आहे. त्यामुळे जर्मन सैन्य हुकूम मोडू लागले, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झाले, मुंबईसही त्याचे पीठ आहे. पण ते न्यायालय आहे. तेथे वकील लागतो, वर्षे लागतात, आणि रजा व बदली हे विषय त्या कायद्याने वगळलेलेच आहेत. शिपायाचा छळ तर बहुधा याच दोन हत्यारांनी होतो.

कायदा पोहोचला तर चालतो, हे आम्ही नाकारीत नाही. एका महिला कॅप्टनच्या तक्रारीवरून एका मेजर जनरलवर कोर्ट मार्शल बसले आणि २०१९ मध्ये त्याच्या बडतर्फीवर शिक्कामोर्तब झाले. ती स्वतः अधिकारी होती. तिला कागद कोठे द्यावयाचा हे ठाऊक होते, आणि तो दाबून टाकणे सोपे नव्हते. खानापूरच्या पोराला ते बळ कोठून यावे?

आणि आता तर त्या पोराची अवस्था अधिकच नाजूक झाली आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेने भरती होणाऱ्यास चार वर्षांची नोकरी मिळते. त्यातील फार तर पंचवीस टक्के पुढे कायम व्हावयाचे, आणि ते कोण, हे ठरविताना त्याच्या चार वर्षांतील कामगिरीची नोंद पाहिली जाते. ती नोंद कोण लिहितो? वरिष्ठच. पूर्वीच्या शिपायास पंधरा वर्षे तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला तर निदान पेन्शन होते. अग्निवीराने दुसऱ्या वर्षी साहेबाविरुद्ध कागद लिहिला, तर चौथ्या वर्षी तो पंचवीस टक्क्यांत सापडेल काय? योजनेच्या इतर गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली. या बाजूची आम्ही तरी कोठे ऐकली नाही.

महू हे अधिकाऱ्यांस शिकविण्याचे गाव आहे. इन्फन्ट्री स्कूल तेथे आहे, वरिष्ठ सेनानींस युद्धशास्त्र शिकविणारे आर्मी वॉर कॉलेज तेथे आहे. त्याच छावणीत १८९१ साली सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी बाबासाहेब आंबेडकर जन्मले, आणि आज त्या गावाचे नावही त्यांचेच आहे. महारांची लष्करभरती सरकारने बंद केली तेव्हा या रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांच्या साह्याने सरकारकडे अर्ज केला होता, असे चरित्रकार सांगतात. जन्मभर हुकूम मानलेल्या सुभेदारास अर्ज करण्यात बेशिस्त वाटली नाही. वॉर कॉलेजात बसणाऱ्या कर्नलांस हा इतिहास कोणी सांगतो की नाही, आम्हांस ठाऊक नाही.

आमची मागणी साधी आहे. कलम २६ मध्ये दुरुस्ती करून शिपायाच्या तक्रारीस पलटणीच्या जिन्याबाहेरचा एक दरवाजा द्यावा. तेथे संसदेस उत्तरदायी असा अधिकारी बसावा. तक्रारदाराची बदली वा नोंद चौकशी संपेपर्यंत त्याच्या वरिष्ठांच्या हाती राहू नये. आणि विखे पाटील समितीची शिफारस शांततेच्या छावण्यांपुरती तरी ताबडतोब अमलात यावी. आमच्या भागातील आणि कोल्हापूर, सातारा, नाशिकचे खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्या प्रत्येक मतदाराच्या गावात पलटणीतले घर आहे. त्यांनी येत्या अधिवेशनात एवढा तरी प्रश्न विचारावा की, २०१७ साली बसविलेल्या त्या तक्रारपेट्यांत आजवर किती अर्ज पडले, ते कोणी उघडले, आणि त्यांतील किती अर्ज चौकशीसाठी ज्याच्याविरुद्ध होते त्याच्याच कचेरीत परत गेले.

आमच्या वाचकांपैकी ज्या माजी सैनिकांस वा त्यांच्या कुटुंबीयांस या बाबतीत काही सांगावयाचे असेल, त्यांनी कचेरीत येऊन भेटावे किंवा पत्र लिहावे. नाव छापले जाणार नाही.